कॅबिनेटला हात लावला की करंट लागतो? आधी अर्थिंग बघा

मे महिन्यात चिखलीला घरी गेलो की माझा कॉलेजचा जुना डेस्कटॉप हमखास झिणझिण्या द्यायचा. चप्पल घातली की काही नाही, अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की करंट! यूएसबीला मोबाईल लावला तर त्याच्या मेटलच्या कडेलाही तेच. घरचे म्हणायचे, "जुना झालाय, भंगारात दे." पण दोष कॉम्प्युटरचा नव्हताच.

एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून येणारा थोडासा करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल, तर 230 व्होल्टच्या साधारण निम्मा व्होल्टेज कॅबिनेटवर येतो.

आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा होता, पण उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळली होती. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. खड्ड्यात पाणी टाकलं, वायरमनने सैल जोड घट्ट केला आणि झिणझिण्या बंद!

झिणझिण्या किरकोळ वाटतात. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं आणि अर्थिंग नसेल, तर तोच कॅबिनेट जीव घेऊ शकतो. म्हणून:

- प्लगची जाड पिन तोडू नका, टू-पिन अडॅप्टर लावू नका.
- अर्थची वायर न्यूट्रलला जोडू देऊ नका.
- एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत 300 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.
- वायरमनकडून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

डेस्कटॉप भंगारात देण्याआधी एकदा अर्थिंग तपासून घ्या. डेस्कटॉप बदलला तरी घरातला दोष तसाच राहील.