रक्त वाहते ठेवणारे औषध आणि सदऱ्याचे कापड

मुलुंडचे नाव आपण ऐकले असेल. मुंबईचे ते एक उपनगर. ३ ऑगस्ट २०१५ रोजी तिथल्या फोर्टिस इस्पितळात एक मोठी शस्त्रक्रिया झाली. पुण्यात मरण पावलेल्या एका व्यक्तीचे हृदय घरच्यांनी दान दिले. ते विमानाने मुंबईस आणले. पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला. डॉ. अन्वय मुळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते एका तरुणाच्या छातीत बसवले.

आता विचार करा. जुने हृदय काढले, नवे अजून बसायचे आहे. तेवढा वेळ अंगात रक्त फिरवणार कोण? हे काम एक यंत्र करते. रक्त नळीने यंत्रात येते. तिथे त्याला प्राणवायू मिळतो. मग यंत्र ते परत अंगात ढकलते.

पण एक अडचण आहे. विळीने बोट कापले तर थोड्या वेळाने रक्त गोठते आणि वाहायचे थांबते. हा गुण मोठा उपकारी. पण यंत्राच्या नळीतच रक्त गोठले तर? रोगी दगावेल. म्हणून आधी रोग्याला हेपारिन नावाचे औषध टोचतात. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे रक्त यंत्रातून धुतात, तेव्हाही बहुधा हेच औषध देतात.

हेपारिन म्हणजे काय? तांदळातले पीठ म्हणजे साखरेच्या बारीक कणांची लांब साखळी असते. हेपारिनही तशीच साखळी. एक मोठा फरक असा, की हिच्या कड्यांना जागोजागी गंधक जोडलेले असते. आपल्या रक्तात एक राखणदार आहे. तो रक्ताला नको तिथे गोठू देत नाही. हेपारिन त्याला बिलगले, की त्याचे काम शेकडो पटींनी जलद होते.

हा शोध १९१६ साली अमेरिकेत लागला. जे मॅक्लीन हा डॉक्टरकी शिकणारा विद्यार्थी. तो शोधत होता रक्त गोठवणारा पदार्थ. कुत्र्याच्या यकृतातून हाती आला तो उलट गुणाचा! ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात. त्यावरून पुढे हे नाव पडले.

आज हेपारिन बहुतेक डुकराच्या आतड्यातून काढतात. हे ऐकून अंधेरीचे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अडून बसले. पत्नीची शस्त्रक्रिया दोन दिवसांवर आली होती. आम्ही म्हटले, "अहो, आमच्याशी वाद कशाला? डॉक्टरांनाच विचारा ना." त्यांनी विचारले. काही उपचारांत दुसरे औषध चालते, पण हृदयाच्या यंत्रासाठी सहसा हेच लागते, असे डॉक्टरांनी समजावले. रात्रभर विचार करून पतिपत्नींनी होकार दिला. प्रत्येकाची श्रद्धा त्याची त्याच्यापाशी. पण निर्णय घ्यावा तो माहिती घेऊन, ऐकीव गोष्टीवर नव्हे.

औषधात भेसळ झाली तर काय होते, तेही सांगतो. २००८ साली चीनहून आलेल्या कच्च्या हेपारिनमध्ये तसाच दिसणारा, गंधक जोडलेला स्वस्त पदार्थ मिसळलेला निघाला. तेव्हाच्या तपासणीत तो सापडत नव्हता. अमेरिकेत कित्येक माणसे दगावली. त्यानंतर तपासणी कडक झाली.

आता कापडाकडे वळू. रक्ताची मोठी नळी कधी फुगते, फुटायला येते. तेवढा तुकडा काढून तिथे चक्क कापडाची नळी शिवतात! कापड कोणते? टेरिकॉटच्या सदऱ्यात कापसाबरोबर जो धागा असतो, तोच पॉलिएस्टर. विनफील्ड आणि डिक्सन यांनी तो १९४१ साली इंग्लंडात शोधला. पुढे अमेरिकेत डॉ. मायकेल डीबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले. ते संपले होते, म्हणून त्यांनी हे कापड घेतले. घरी पत्नीच्या शिलाई यंत्रावर त्यांनी नळ्या शिवून पाहिल्या. हे कापड अंगात कुजत नाही. पण विणीतून रक्त झिरपते. म्हणून पूर्वी ती नळी रोग्याच्याच रक्तात भिजवून आधी रक्त गोठू देत, मग हेपारिन देत. आता बऱ्याच नळ्या आधीच लेप दिलेल्या मिळतात.

पॉलिएस्टरचे एक भावंड अंगात विरघळते. दह्याला ज्या आम्लाने आंबटपणा येतो, त्याच आम्लाच्या साखळीपासून असे धागे बनवतात. अंगातल्या पाण्याने साखळी हळूहळू तुटते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत टाका आपोआप नाहीसा होतो. मात्र सगळे टाके असे नसतात. तेव्हा घरी दोरा ओढू नका. काढायचा की विरघळणारा, हे आधी विचारा.

आणखी एक लक्षात ठेवा. हेपारिन चालू असताना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, शौच काळे झाले, तर लगेच डॉक्टरांना सांगा. पूर्वी पोटात व्रण झाला असेल, किंवा या औषधाने त्रास झाला असेल, तर सुई घेण्याआधीच सांगा. लाजू नका. आता आपल्याला वाचता येते. इस्पितळातून मिळालेला कागद नीट वाचा, जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी बरोबर न्या.