नाल्याच्या पाण्यामागून समुद्रपक्ष्यांकडे

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. जिवतीहून सगळ्यांत जवळचा समुद्र कोणता?

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळे एका सुरात ओरडले, "मुंबईचा!" मग आम्ही भिंतीवरचा भारताचा नकाशा खाली उतरवला आणि दोरा लावून मोजलं. मुंबई सरळ रेषेत साधारण साडेसहाशे किलोमीटर भरली. आंध्र प्रदेशातलं काकीनाडा मात्र साडेचारशेच्या आसपास! वर्ग एकदम गप्प झाला.

आता दुसरी गंमत. माणिकगडच्या डोंगरांवर पडलेलं पावसाचं पाणी नाल्यानाल्यांनी वर्धेत उतरतं. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, तीच आपली प्राणहिता. सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी काकीनाड्याच्या बाजूला समुद्राला. म्हणजे आपल्या शाळेमागच्या नाल्याने तिथली वाट कधीच शोधून ठेवली आहे. आपण फक्त तिच्या मागून जायचं. कशासाठी? समुद्रपक्षी बघायला!

माझी फजिती

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात गेले. "कुरव पक्ष्याचे फोटो आणते," असं वर्गाला मोठ्या ऐटीत सांगून गेले होते. चार दिवस वाळू तुडवली, पण एक कुरव दिसेल तर शपथ! आपल्या किनाऱ्यावर येणारे बहुतेक कुरव हिवाळी पाहुणे असतात, हे मला परत आल्यावर कळलं. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटकडच्या उंच सरोवरांवर घरटी करतो आणि थंडीत समुद्रावर उतरतो. मे महिन्यात तो माझी वाट बघत कशाला थांबेल? (आणि बरं का, हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतंच. पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका असतो. नावावर जाऊ नका!)

मग जायचं कधी?

दिवाळीच्या सुट्टीत? नको. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ. काकीनाड्याजवळचं कोरिंगा बंदर १८३९ च्या नोव्हेंबरात वादळी लाटेने उद्ध्वस्त झालं होतं. संक्रांतीला? आंध्रात तो वर्षाचा मोठा सण, गाड्या आणि लॉज भरलेले. म्हणून आम्ही फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरला आहे. पालकांनो, दोन-तीन दिवस शाळा बुडेल खरी, पण पक्षी आपल्या सुट्ट्यांचं वेळापत्रक पाळत नाहीत.

रस्ता असा: गडचांदूर, राजुरा, आसिफाबाद, मंचेरियाल, वरंगळ, खम्मम, राजमहेंद्री आणि काकीनाडा. सहाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, तेव्हा मधे एक मुक्काम हवाच. वाटेत गोदावरी दोनदा ओलांडावी लागते. पहिल्या पुलावर हात जोडा, पण तिथे अजून आपलं पाणी आलेलं नसतं. प्राणहिता पुढे मिळते. राजमहेंद्रीच्या पुलाखालून जाणाऱ्या पाण्यात मात्र आपल्या नाल्याचे चार थेंब असतात! भाषेची काळजी नको. आपल्या सीमेवरच्या गावांतली मुलं मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलतात. दुभाषे आपल्याच गाडीत बसलेले असतील.

घड्याळ समुद्राचं

एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. समुद्रावर आपलं घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटीचं चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाण्यासाठी दूरवर पांगतात, दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढे दिसतात. भरतीचं पाणी चढू लागलं की ते हळूहळू आपल्या बाजूला सरकतात आणि वाळूच्या दांड्यांवर गर्दी करून विसावतात. भरतीच्या आधीचे दोन-तीन तास सगळ्यांत चांगले. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून ज्या दिवशी जायचं त्याच दिवसाचा तक्ता आधी बघून ठेवायचा.

कोणाची भेट होईल?

किनाऱ्यालगत कोरिंगा अभयारण्य आहे, १९७८ साली घोषित झालेलं. तिथे खारफुटीचं घनदाट जंगल आहे. समोर समुद्रात गोदावरीच्या गाळातून तयार झालेलं होप बेट, वाळूची एक लांबच लांब पट्टी. होडीने जायचं असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करायची.

इथे कुरव आणि सुरय भेटतील. पण आमच्या वर्गाचा खरा जीव अडकला आहे पाणचिऱ्यात. काळी टोपी, केशरी चोच, आणि खालची चोच वरच्यापेक्षा लांब! उडता उडता ती खालची चोच पाण्यात बुडवून तो पाणी चिरत जातो. मासा लागला की चोच मिटली! हा घरटी मात्र नदीतल्या वाळूच्या बेटांवर करतो. वाळू उपसली गेली, धरणांमुळे पाण्याची चढउतार बदलली, की त्याची अंडी गेलीच. २०२० पासून तो जगाच्या 'संकटग्रस्त' यादीत आहे.

आणि म्हणून सगळ्यांत मोठा नियम: थव्याकडे धावायचं नाही. ग्रेट नॉट नावाचा किनारपक्षी इथून परत थेट ईशान्य सैबेरियात जातो. त्या प्रवासासाठी तो इथे अंगात चरबी साठवतो. आपण मजा म्हणून थवा उडवला की त्याची साठवण वाया जाते. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, की समजा आपण फार जवळ आलो. मग दोन पावलं मागे.

तयारी घरूनच

आमची तालीम अमलनाल्याच्या धरणावर सुरू झाली आहे. पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा नदी सुरय आपल्याकडच्या तलावांवर आणि नद्यांवर दिसतो. समुद्रावरच्या सुरयांचा हा आपल्या घरचा भाऊबंद. न बोलता बसायचं, एक दुर्बीण दहा जणांनी वापरायची, वेळ आणि संख्या वहीत लिहायची. पहिल्या रविवारी आमच्या गलक्याने सगळे पक्षी उडून गेले. तिसऱ्या रविवारी एक सुरय आमच्यासमोर मासा घेऊन वर आला. कोणी हूं की चूं केलं नाही.

परवा एका मुलाने हळूच विचारलं, "मॅडम, समुद्र पाहाले किती पैसे लागते?" खरं सांगते, आमचा हिशेब अजून जुळलेला नाही. गाडीभाड्याची अर्धी रक्कम व्हायची आहे. वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवला आहे, त्यात रुपया-दोन रुपये पडतात. यंदा जमलं नाही तर पुढच्या फेब्रुवारीत जाऊ. वह्या तोवर भरत राहतील.

तुम्हीही नकाशा उतरवा, दोरा घ्या आणि बघा, तुमच्या गावचा नाला कोणत्या समुद्राला जातो.