जांघेतील अंतर्गळ : गाठी अनेक, शस्त्रक्रिया एक

जांघेत गाठ येते, ओझे उचलताना किंवा खोकताना फुगते आणि आडवे झाले की आत जाते. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते. पुष्कळ शेतकरी लाजेपोटी आणि हंगामाच्या घाईत पट्टा बांधून दिवस ढकलतात. पण पट्ट्याने गाठ दाबली जाते, भोक बुजत नाही. औषधानेही बुजत नाही.

एक गाठ की अनेक?
प्रत्येक जांघेत अशा तीन कमकुवत जागा असतात. दोन वरच्या अंगाला, तिसरी खाली मांडीच्या मुळाशी. एकाच माणसाला दोन्ही बाजूंना, किंवा एकाच बाजूला दोन ठिकाणी अंतर्गळ होऊ शकतो. मांडीच्या मुळाशी होणारा अंतर्गळ पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तो लहान असल्याने नजरेतून सुटतो, पण आतडे अडकण्याचा धोका त्यातच मोठा. एक भोक बुजवले आणि शेजारचे राहिले, तर काही दिवसांनी पुन्हा गाठ दिसते.

दुर्बिणीची रीत
या तिन्ही जागा मिळून एकच कमकुवत पट्टा होतो, हे फ्रान्सचे सर्जन फ्रुशो यांनी 1956 साली दाखवून दिले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत याचाच उपयोग होतो. पूर्ण भूल देऊन पोटावर साधारण तीन लहान छिद्रे पाडतात, वायूने जागा फुगवतात आणि सुमारे 15 सेंटिमीटर लांब व 10 सेंटिमीटर रुंद जाळी भिंतीच्या आतल्या अंगाने बसवतात. तिन्ही जागा तिच्याखाली झाकल्या जातात. दुसऱ्या बाजूलाही अंतर्गळ असेल, तर त्याच छिद्रांतून तेथे दुसरी जाळी बसवता येते. वरून चीर देऊन करायचे तर दोन बाजूंना दोन चिरा लागतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या अंतर्गळाला ही रीत विशेष सोयीची. दुखणे कमी, आणि माणूस कामाला लवकर लागतो.

मात्र सर्जनचा हात या कामात मुरलेला हवा. ज्यांच्या हृदयाला किंवा फुप्फुसांना पूर्ण भूल झेपत नाही, त्यांच्यासाठी जांघ बधिर करून चीर देण्याची जुनी रीतही चांगली आहे. दोन्ही रीतींत पाणी साचून सूज येणे, लघवी अडणे, जांघ दुखत राहणे किंवा अंतर्गळ उलटणे असे क्वचित घडते.

शेतकरी बंधुभगिनींनो, हे लक्षात ठेवा
1. तपासणीच्या वेळी दोन्ही जांघा दाखवा. उभे राहून आणि खोकून दाखवा.
2. जुना खोकला, मलावरोध, लघवीला कुंथावे लागणे यांवर आधी उपचार घ्या. विडी-तंबाखू सोडा.
3. तातडीची लक्षणे नसतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पेरणी-कापणीच्या मधला सवडीचा काळ निवडा. खर्च आणि सरकारी योजनेची चौकशी आधीच करा.
4. घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून हिंडा-फिरा. पोती, पाण्याच्या घागरी व नांगर यांना मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच हात लावा.

गाठ आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या किंवा शौच व वारा बंद झाला, तर आतडे अडकले असे समजा. गाठ चोळू नका, दाबून आत ढकलू नका. काही खाऊ-पिऊ नका. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठा. अडकलेले आतडे काही तासांत सडू लागते, आणि मग जीवावर बेतते.