वहीवर पहारा, माणसावर नव्हे

दिवाळीच्या पहाटे निर्वाणलाडू अर्पण झाला, की सायंकाळी पेढीवर वहीपूजन होते. पूर्वी लाल बांधणीच्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाई. आज अनेक पेढ्यांत त्याच पाटावर लॅपटॉप ठेवला जातो. जुनी वही रात्री तिजोरीत जात असे आणि तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला असे. नवी वही रात्री कोठे असते आणि तिच्या किल्ल्या कोणाकोणाजवळ आहेत, असे विचारले तर अनेक मालकांना क्षणभर थांबावे लागेल.

सुताचा घाऊक व्यापार करणारी इचलकरंजीतील एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. बावीस वर्षे हिशेब सांभाळणारे दिवाणजी टाळेबंदीच्या काळात मुलाकडे पुण्यास जातात आणि तेथूनच टॅलीचे काम पाहू लागतात. काम चोख असल्यामुळे हीच व्यवस्था कायम होते. लॅपटॉप घरचाच, सायंकाळी नातू त्यावर खेळतो. पासवर्ड पेढीवर सर्वांचा एकच.

एका हंगामात प्रतिस्पर्धी नेमक्या याच पेढीच्या गिऱ्हाइकांना किलोमागे रुपयाने कमी भाव देऊ लागतो. भावपत्रक फुटले, हे उघड आहे. संशय साहजिकच नजरेआड असलेल्या माणसावर जातो. मालकाचा मुलगा न सांगता दिवाणजींच्या लॅपटॉपवर दर पाच मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेणारी प्रणाली बसवतो. महिन्याभरात हजारो चित्रे जमतात. त्यांत चोरी कोठेच दिसत नाही. दिसतात ते दिवाणजींच्या पत्नीचे रुग्णालयातील अहवाल, मुलाच्या कर्जाचे हप्ते आणि घरच्या बँकखात्यातील शिल्लक. पेढीने न मागितलेली ही ठेव आता पेढीच्या संगणकात पडून आहे, आणि ती फुटली तर दोष पेढीचाच.

भावपत्रक मात्र दुसऱ्याच वाटेने बाहेर गेलेले असते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या विक्रेत्याच्या मोबाइलवर पेढीचे ईमेल खाते अजून चालू असते. तो गेला, त्याचा हिशेब चुकता झाला. पण किल्ली परत घ्यावयाची राहिली. दिवाणजींना पाळतीचा प्रकार कळतो तेव्हा ते भांडत नाहीत. दुसरा हिशेबनीस पाहावा, एवढेच कळवतात. बावीस वर्षांचा विश्वास गमावूनही पेढीची माहिती सुरक्षित झालेली नसते.

येथे बँकेची जुनी रीत उपयोगी पडते. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते आणि त्या दोन अधिकाऱ्यांजवळ असतात. नोंद एकाने करावयाची, मंजुरी दुसऱ्याने द्यावयाची. संवेदनशील जागेवरील अधिकाऱ्यास वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस पूर्वसूचनेविना रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्या काळात त्याचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. यात कोणी अपमान मानत नाही. उलट, काही कमीजास्त झाले तर बोट एकट्या माणसाकडे वळत नाही. चांगली व्यवस्था चोरास अडवते, तसे प्रामाणिक माणसालाही राखते.

ही रीत छोट्या पेढीसही पेलते. प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा आणि ज्याला जेवढे लागते तेवढेच दिसावे. खरेदी लिहिणाऱ्यास सर्व गिऱ्हाइकांची यादी लागत नाही. टॅलीमध्ये असे अधिकार वेगवेगळे देता येतात. केलेल्या बदलांचा माग ठेवणारी सोयही तिच्यात आहे. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत असा माग १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. भागीदारी पेढ्यांनीही तो चालू ठेवावा. कोणती नोंद, कोणी, केव्हा बदलली हे त्यातून कळते. एवढे कळत असताना माणसाच्या पडद्याची चित्रे कशाला?

घरून काम करणाऱ्यास पेढीने स्वतःचा लॅपटॉप द्यावा आणि त्यावर घरचे काही नको, हे सांगावे. प्रवेशासाठी पासवर्डच्या जोडीला ओटीपी असावा. बँकेतून पैसे पाठविताना व्यवहार एकाने भरावा आणि मंजूर दुसऱ्याने करावा. एखाद्या व्यापाऱ्याचा ‘आमचे खाते बदलले’ असा ईमेल आला, तर जुन्या ओळखीच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री केल्याविना रक्कम सोडू नये. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक पेढीबाहेर असावी. प्रत उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. आणि कोणी नोकरी सोडली, तर त्याच दिवशी त्याचे सर्व प्रवेश बंद व्हावेत.

कायद्याचा रोखही असाच आहे. मालकाच्या परवानगीविना माहिती उतरवून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा भंग आहे. ते अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुसऱ्या बाजूस, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा व्यापारी गुपितांच्या रक्षणासाठी नोकराची माहिती वापरू देतो. पण जमविलेली माहिती नीट न राखल्यास त्याच कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणून जे पाहावयाचे ते आधी सांगून, लेखी देऊन आणि कामापुरतेच पाहावे.

सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने ‘न्यासापहार’ म्हणजे ठेव बुडविणे आणि ‘साकारमंत्रभेद’ म्हणजे दुसऱ्याचे गुपित फोडणे, हे एकाच सूत्रात ठेवले आहेत. गिऱ्हाइकाची माहिती ही पेढीजवळची ठेव आहे. नोकराचे घर हे त्याचे गुपित आहे. एक राखण्यासाठी दुसरे फोडावे लागत असेल, तर व्यवस्थेतच काहीतरी चुकले आहे.

सुरुवात अवघड नाही. आज पेढी बंद करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर टॅली, ईमेल, बँक आणि व्हॉट्सअ‍ॅप अशी चार खाती लिहावीत आणि प्रत्येकासमोर ते कोणाकोणास उघडता येते, त्यांची नावे मांडावीत. नोकरी सोडून गेलेल्यांचीही नावे आठवावीत. ती यादी दिवाणजींना सोबत घेऊनच करावी, आणि तिच्यात मालकाचे स्वतःचे नावही असावे.