पेट स्कॅन उजळला म्हणजे कॅन्सर पसरला?

"पेट उजळला, म्हणजे पसरला." ठाणे-डोंबिवलीहून परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या फेऱ्या मारणाऱ्या घरांमधून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता चीड येते. रिपोर्टची पीडीएफ डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर पोहोचते, कुणीतरी 'मल्टिपल' आणि 'बोन' एवढेच शब्द वाचतं आणि रडारड सुरू होते. पेशंटला कुणी काही सांगत नाही. तो चेहऱ्यांवरून ओळखतो.

पेटसाठी शिरेतून किरणोत्सारी ग्लुकोज देतात. जी पेशी साखर जास्त ओढते, ती उजळते. कॅन्सरची पेशी ओढते, सुजेतली ओढते, भराभर रक्तपेशी बनवणारी हाडांतली मज्जाही ओढते. साखर कुणी ओढली, हे यंत्र सांगू शकत नाही.

केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवायचं इंजेक्शन घेतलं, की मज्जा जोमाने कामाला लागते आणि मणके, कंबरेची हाडं सरसकट उजळतात. हाडांत पसरलेला कॅन्सर बहुधा तुटक ठिपक्यांनी दिसतो. इंजेक्शनचा परिणाम ओसरायला साधारण 2 आठवडे लागतात, लांब टिकणाऱ्या प्रकाराला आणखीही. म्हणून शेवटच्या इंजेक्शनची तारीख स्कॅनच्या टेबलावर चढण्याआधी सांगा. कृपा करून सांगाच.

इम्युनोथेरपीत गोंधळ जास्त होतो. निवोलुमॅबसारखी औषधं प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडतात. टाटाच्या डॉक्टरांनी 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त 2023 साली दाखवलं की तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये, गोळ्यांच्या उपचाराला दर 3 आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर जातं. इतक्या कमी डोसमुळे हे औषध साध्या पगारदारांच्या आवाक्यात येऊ लागलं. त्याचे दुष्परिणामही त्यांनी ओळखायला हवेत. सैल सुटलेली प्रतिकारशक्ती कधी फुफ्फुसात सूज आणते, कधी छातीतल्या लसिकाग्रंथी दोन्ही बाजूंनी फुगवते. स्कॅनवर हे पसरल्यासारखंच दिसू शकतं. अशा ग्रंथीचा तुकडा तपासला तर ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजका निघतो, कॅन्सर नाही. आपल्याकडे तिथेच थांबून चालत नाही. ग्रॅन्युलोमा टीबीतही असतो, म्हणून टीबीसाठी जीनएक्सपर्ट चाचणी आणि कल्चर हवंच. टीबी न ओळखता सुजेवर स्टिरॉइड सुरू केलं, तर तो फोफावू शकतो.

आता उलटी चूक. "गाठ वाढली? औषध लागू पडतंय!" असंही ऐकू येतं. गाठ आधी वाढून मग आक्रसते, हे होतं; म्हणूनच इम्युनोथेरपीचा परिणाम जोखण्याच्या 2017 च्या आयरेसिस्ट निकषांनुसार पेशंटची तब्येत स्थिर असेल, तर 4 ते 8 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात. पण असं दहातल्या एकालाही होत नाही. बहुतेक वेळा वाढ खरीच असते.

बाकीचे समज थोडक्यात. सुई टोचली की कॅन्सर पसरतो: अत्यंत दुर्मीळ, तपासणी टाळण्याचा धोका कितीतरी मोठा. एसयूव्हीचा (साखर किती ओढली त्या मापाचा) आकडा मोठा म्हणजे कॅन्सरच: टीबीतही तो तितकाच चढू शकतो. स्कॅनला साखर वापरतात, म्हणून पेशंटची साखर तोडा: शरीर ग्लुकोज स्वतः बनवतं, आणि केमोत खाणं तोडून घटलेलं वजन भरून काढणं फार कठीण जातं.