दिसलं म्हणजे कळलं का?
१४ ऑगस्ट २०१३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना धनिष्ठा तारकासमूहात ६.८ प्रतीचा एक अनोळखी ठिपका दिसला. आदल्या दिवशीच्या छायाचित्रात तो नव्हता. आता दिसलं म्हणजे कळलं का? नाही. कॅमेऱ्याचा दोष असेल, लघुग्रहही असेल; पण लघुग्रह जागेवरून सरकतो. म्हणून इतरांनी आपापल्या दुर्बिणींतून तीच जागा पाहिली. मग वर्णपट घेतला. त्यात वेगानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या हायड्रोजनच्या रेषा दिसल्या, तेव्हा नवतारा पक्का झाला. गंमत बघा, तारा नवा नव्हताच! जुन्या श्वेत बटूवर जोडीदाराकडून आलेला हायड्रोजन साचून पेटला होता. न्यायशास्त्रात संशयानंतर निर्णय येतो, तो असा. आपण पाहिलेलं दुसऱ्याला तपासू द्यावं. त्याशिवाय त्याला ज्ञान म्हणू नये.