भोवरकडी का गळते?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. बागेच्या नळीसाठी त्यांनी पितळेचा फिरता कनेक्टर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘लीकप्रूफ’ छापलेलं होतं. दिवाळीला बसवला, होळीपर्यंत ठणठणीत चालला आणि एप्रिलच्या मध्यावर ठिबकू लागला. ‘ही फसवणूक समजायची की माझंच काही चुकलं?’ असं ते विचारतात.

दोन्ही थोडं थोडं, एवढं उत्तर खरं तर पुरलं असतं. पण मग निल्स क्रिस्टेन्सनबद्दल लिहायचं राहून जाईल, आणि त्याच्याबद्दल लिहायला निमित्त मी बरेच दिवस शोधतो आहे.

आधी मुळात कनेक्टर फिरता हवाच कशाला? गोठ्यात पाहा. खुंट्याला बांधलेली म्हैस दिवसभरात त्याच्याभोवती फेऱ्या मारते. साध्या दोराला तेवढेच पीळ चढतात, तो आखूड होतो, त्याला गाठी पडतात. म्हणून साखळीच्या मध्ये एक भोवरकडी घालतात. म्हैस फिरली की कडी फिरते आणि साखळी सरळ राहते. दुकानदार ज्याला ‘स्विव्हल’ म्हणतो ती हीच.

नळीचा पीळ मात्र म्हशीइतका उघड नसतो. वेटोळं करून ठेवलेल्या नळीचं टोक धरून आपण सरळ चालू लागतो, तेव्हा प्रत्येक वेढ्यामागे नळीत एक पूर्ण पीळ शिरतो. दहा वेढे, दहा पीळ. दोऱ्याचं रीळ आडवं घरंगळत सोडलं तर दोरा सरळ येतो, रीळ उभं ठेवून वरून ओढला तर पीळ घेऊन येतो, तसंच हे. टोकं फिरू दिली नाहीत तर वेढे आणि पीळ यांची बेरीज बदलत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. कालुगारेआनु या रोमानियन गणितज्ञाने १९६१ साली त्याचा पाया घातला. वेढा उलगडला की त्याचा पीळ होतो आणि पिळाला जागा उरली नाही की पुन्हा वेढा. अंगणाच्या मध्यावर नळी अचानक मुरडते आणि पाणी बंद होतं, ते या हिशेबाप्रमाणे.

थोडं विषयांतर करतो. हीच अडचण आपल्या पेशीतही आहे. डीएनए म्हणजे एकमेकांना पिळून बसलेले दोन धागे. त्यांची नक्कल करायची तर ते सुटे करावे लागतात, आणि एका बाजूने सोडवत गेलं की पुढच्या बाजूला पीळ साचतो. आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूच्या डीएनएमध्ये असे चार लाखांहून अधिक पीळ असतात, आणि तो डीएनए आहे बंद वर्तुळ, म्हणजे मोकळं टोकच नाही! जॉन केर्न्स यांनी १९६३ साली त्याची छायाचित्रं मिळवली आणि यात कुठे तरी ‘स्विव्हल’ असणार असं मांडलं. त्यांनी शब्दही हाच वापरला होता. पुढे १९७१ साली जेम्स वांग यांना असं एक विकर सापडलं. ते एक धागा कापतं, पीळ सुटू देतं आणि धागा पुन्हा जोडतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी जंतूंच्या याच जातीच्या विकरांना जायबंदी करते, म्हणजे ती भोवरकडी जाम करणारी गोळी आहे.

पेशीला पाणी गळण्याची काळजी नाही. नळीला आहे, आणि खरा पेच तिथेच आहे. एक भाग दुसऱ्यात फिरायचा तर मध्ये फट हवी. गळायचं नाही तर फट नको. शेतातल्या जुन्या पंपाकडे पाहिलं की हा पेच कसा निभावून नेत ते कळतं. दांड्याभोवती ग्लँड दोरी गुंडाळायची आणि नट आवळायचा. जास्त आवळला तर दांडा जड होतो, तापतो. सैल ठेवला तर गळतं. म्हणून जाणता मिस्त्री तिथे मुद्दाम थोडं ठिबकू देतो. शेकडो वर्षं यंत्रं अशी तडजोडीवर चालली.

ती तडजोड मोडली निल्स क्रिस्टेन्सनने. जन्म १८६५, डेन्मार्कचा. १८९१ साली अमेरिकेत आला, मिलवॉकीत स्थिरावला. ट्रामगाड्यांसाठी त्याने हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बनवले आणि त्यांच्या हक्कांवरून वेस्टिंगहाउस या बड्या कंपनीशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले. उतारवयात त्याने डोकं घातलं ते हायड्रॉलिक ब्रेकमध्ये. सिलिंडरमध्ये दट्ट्या मागेपुढे सरकतो, त्याच्या कडेने तेल निसटता कामा नये. रबराचं गोल कडं त्याआधी कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. १८९६ सालचं एक स्वीडिश पेटंट आहेच. पण सरकत्या भागावर ते टिकत नसे. क्रिस्टेन्सनने कडं किती जाड आणि ते बसवायची खाच किती लांब यांची जोडी जमवली. खाच कड्याच्या जाडीपेक्षा जरा ऐसपैस, पण खोलीला कमी, म्हणजे कडं थोडं दबूनच बसणार. १९३७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. १९३९ साली पेटंट मिळालं.

या कड्याचं वागणं मला भलतं आवडतं. रबर दाबलं की त्याचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ नाही. त्या अर्थाने ते फार घट्ट द्रवासारखंच असतं. खाचेत एका बाजूने पाण्याचा दाब आला की कडं दुसऱ्या भिंतीकडे ढकललं जातं आणि तिथल्या फटीवर चिकटून बसतं. दाब वाढला तर आणखी घट्ट. म्हणजे जे पाणी बाहेर पडू पाहतं तेच स्वतःच्या वाटेवर पहारेकरी उभा करतं. त्यासाठी ना नट आवळावा लागतो, ना मिस्त्री लागतो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणांसाठी हे कडं इतकं उपयोगी निघालं की अमेरिकी सरकारने युद्धाची गरज म्हणून ते बनवण्याचा हक्क इतर कारखान्यांना खुला केला. क्रिस्टेन्सनच्या हाती ठोक ७५,००० डॉलर टेकवले. तो १९५२ साली वारला. वारसांनी दावा लावून धरला, आणि त्यांना आणखी १,००,००० डॉलर मिळाले ते १९७१ साली. आज घरातला मिक्सर, मोटारीचं इंजिन, पाण्याचा फिल्टर, काहीही उघडा, क्रिस्टेन्सनचं कडं बाहेर पडतं. त्याचं नाव मात्र ठाऊक नसतं.

या कड्यालाच ओ-रिंग म्हणतात, आणि ओ-रिंग म्हटलं की नाव निघतं ते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं. २८ जानेवारी १९८६ च्या गारठ्यात चॅलेंजर अवकाशयान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. थंडीत त्याच्या रॉकेटच्या सांध्यातलं कडं आखडलं, दाबातून सुटल्यावर वेळेत फुगून आलं नाही, आणि तप्त वायू निसटले. फाइनमननी चौकशीच्या बैठकीत रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. प्रयोग झकासच होता. पण त्याची कथा इतकी सांगितली गेली आहे की बाकीची माणसं झाकली गेली. उड्डाणाच्या आदल्या रात्री इंजिनिअर रॉजर बॉइजॉली आणि त्यांचे सहकारी ‘उडवू नका’ म्हणून सांगत होते. आणि थंडीत कडं ताठरतं हे दाखवणारा कागद चौकशी मंडळातले जनरल कुटीना यांच्या हाती गुपचूप ठेवला तो अंतराळवीर सॅली राइड यांनी. कुटीनांनी तो धागा फाइनमनपर्यंत पोचवला आणि राइड यांचं नाव त्यांच्या निधनानंतरच उघड केलं.

आता वाचकांच्या कनेक्टरकडे. तिथे गळण्याच्या जागा तीन आहेत: नळ आणि नट यांच्यामधला सांधा, फिरणारा सांधा, आणि नळी चढवून क्लिप आवळतो तो सांधा. ‘लीकप्रूफ’ हा शब्द फार तर मधल्या एका सांध्याबद्दल खरा असतो. उरलेले दोन आपल्यावर सोडलेले असतात, हे खोक्यावर छापत नाहीत. फसवणुकीचा वाटा एवढा.

पहिल्या सांध्याबद्दल एक गैरसमज पक्का आहे, तो म्हणजे आटे पाणी अडवतात. अशा सरळ आट्यांचं काम फक्त आवळून धरण्याचं. पाणी अडवतो तो आतला चपटा वायसर. तो हरवला किंवा चिरला असेल तर वरून टेफ्लॉनचं अख्खं रीळ गुंडाळूनही उपयोग नाही, आणि तो नीट असेल तर टेफ्लॉन लागत नाही.

शिवाय आटे जुळले पाहिजेत. आमचा पुतण्या न्यू जर्सीहून येताना असाच एक देखणा कनेक्टर घेऊन आला. पाऊण इंची नळ, पाऊण इंची कनेक्टर, पण दीड फेरीत अडला. आपले नळ ब्रिटिश मापाचे: पाऊण इंचीला बाहेरचा व्यास २६.४ मिलिमीटर आणि इंचाला १४ आटे. अमेरिकी बागेच्या नळीला तो २७ मिलिमीटर आणि इंचाला साडेअकरा आटे. फसण्याइतके जवळ, बसण्याइतके नाहीत. (पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर; मग २६ कुठून आले? जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं माप बाहेरच्या आट्यांनाही चिकटलं, ते तसंच राहिलं.) हे हसून सोडून देता येत नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर पेटलं, तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्कहून बंब धावून आले, आणि त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. तीस तास आग चालली, दीड हजारावर इमारती गेल्या. त्यानंतर, १९०५ साली, अमेरिकेत बंबाच्या नळ्यांसाठी एकच आटा ठरला.

पत्रात ‘मधूनच ठिबकतं’ असं लिहिलं आहे, म्हणजे गळते ती भोवरकडीच. तिथे दोष बहुतेक वेळा उन्हाचा आणि वाळूचा. खाचेत महिनोन्‌महिने दबलेलं कडं उन्हात तापत राहिलं की फुगून यायची सवय विसरतं आणि एका बाजूने चपटं होतं. नळी जमिनीवर टाकली की वाळूचा कण आत जातो आणि फिरताना कडं घासतो. ठिबकणं क्षुल्लक वाटतं, पण सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कधी दिसत नाही. दाबाने कडं घट्ट बसतं म्हटल्यावर त्याच दाबाने ते फिरायलाही जड होतं. म्हणजे नळ सोडला, नळी पाण्याने ताठरली, की भोवरकडी नेमकी तेव्हाच हट्ट करते. पीळ आधी झटकून काढावा, मग नळ सोडावा. नळी ओढून भोवरकडी फिरवायला गेलं तर झीज होते ती कड्याची. वाचकांचा वाटा इथे असावा अशी मला शंका आहे.

कडं बदलायचं काम पाच मिनिटांचं आहे. जुनं कडं नमुना म्हणून हार्डवेअरच्या दुकानात न्यावं. चपटं झालेलं असतं, म्हणून खाचेचं मापही सांगावं. बसवताना व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नये. पाण्याच्या कामाची कडी बरेचदा ईपीडीएम रबराची असतात, आणि ते रबर खनिज तेलाने फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं, बोटाच्या टोकावर येईल एवढंच. जुनं कडं काढायला स्क्रूड्रायव्हर घालू नका, पितळेवर ओरखडा उमटला की नवं कडंही गळणार. बाभळीचा काटा उत्तम.